फूल, दोन पाने आणि भाऊसाहेब: दयानंद बांदोडकर यांच्या राजकारणाचा एक प्रश्न

ज्या प्रदेशाने आपल्याला मुख्यमंत्रिपद दिले, तो प्रदेश स्वतंत्र उरूच नये, हे ज्यांचे जाहीर उद्दिष्ट होते, असे मुख्यमंत्री भारताच्या इतिहासात विरळाच. दयानंद बांदोडकर हे त्यांपैकी ठळक नाव. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. लोकांचे भाऊसाहेब, पुष्कळांचे नुसतेच भाऊ. हा थ्रेड त्यांच्याविषयी.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदाराच्या हाती जी मतपत्रिका पडली, तिच्यावर ना उमेदवाराचे नाव होते, ना पक्षाचे चिन्ह. दोनच चित्रे होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण. दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे अस्तित्व. भाऊसाहेबांचे सारे राजकारण त्या फुलावर उभे होते. फूल हरले.

आणि त्यानंतर अवघ्या ७१ दिवसांनी, २८ मार्च १९६७ रोजी, त्याच मतदारांनी त्याच भाऊसाहेबांच्या पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले.

या दोन निकालांत विसंगती आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. ती विसंगती आहे की नाही, हे समजून घ्यायचे तर १९६१ च्या मागे जावे लागते.

पोर्तुगिजांचा गोवा एकसंध कधीच नव्हता. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकात त्यांच्या हाती आले. या जुन्या काबिजादी. येथे धर्मांतर झाले, मंदिरे पाडली गेली, देव नदीपलीकडे हलवले गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा मुलूख अठराव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेला. या नव्या काबिजादी. तोवर धर्मांतराचा पहिला आवेश ओसरला होता. त्यामुळे येथील समाज बहुतांशी हिंदू राहिला. घरात कोंकणी, भजन-कीर्तनात मराठी, आणि कचेरीत कोणालाही न कळणारी पोर्तुगीज, असा तेथील भाषाव्यवहार.

१९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना नागरी हक्कांची दारे थोडी उघडली. मराठी शाळा, वाचनालये, नियतकालिके निघू लागली. गावोगावी देवळाच्या सभामंडपात किंवा कोणाच्या तरी ओसरीवर एखादा मास्तर मुलांना मराठी बाराखडी शिकवी. सरकारचा त्याला आधार नव्हता. गोव्यातील हिंदू बहुजनांना अक्षरओळख झाली ती बहुतांशी या वाटेने. पुढे 'मराठी की कोंकणी' हा वाद पेटला, तेव्हा ही ओसरीवरची शाळा अनेकांच्या मनात होती, हे विसरून चालत नाही.

याच काळात, १२ मार्च १९११ रोजी, पेडण्यात दयानंद बांदोडकरांचा जन्म झाला.

ते गोमंतक मराठा समाजाचे. पिढ्यान्‌पिढ्या देवळांच्या सेवेशी बांधला गेलेला, संगीत आणि नृत्याची परंपरा जपणारा आणि तरीही प्रतिष्ठेच्या पंगतीत ज्याला पान मिळाले नाही, असा हा समाज. विसाव्या शतकाच्या आरंभी या समाजाने स्वतःची संघटना उभारली, मुलामुलींना शिकवले, जुन्या प्रथा निर्धाराने मोडल्या. हिंदुस्थानी संगीताला या समाजाने केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दिल्या. राजकारणाला बांदोडकर दिले.

त्यांच्या घरी मोठी जमीनजुमला नव्हता आणि मोठे औपचारिक शिक्षणही झाले नाही. लहानसहान व्यवसाय करीत ते खाणधंद्यात शिरले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे होते. गोव्याच्या डोंगरांत ते होते. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून बार्ज भरून ते मुरगाव बंदरात नेता येत होते. १९५० च्या दशकात या धंद्याने गोव्यात एक नवा धनिक वर्ग निर्माण केला. त्यातील बहुतेक जण जुन्या प्रतिष्ठित घराण्यांतले होते. बांदोडकर अपवाद होते.

पैसा आला तसा तो गेलाही, हे त्यांच्याबाबत विशेष. शाळा, देवळे, नाटके, खेळाचे संघ, गरजू विद्यार्थी यांना त्यांनी सढळ हाताने दिले. शिकार, क्रिकेट, फुटबॉल आणि गाण्याची मैफल या चारही गोष्टींचा त्यांना मनापासून नाद होता. राजकारणात येण्यापूर्वीच 'भाऊंकडे गेले की रिकाम्या हाताने परत येत नाही' अशी त्यांची ख्याती होती. या ख्यातीला दानशूरपणा म्हणावे की भावी राजकारणाची मशागत, यावर मतभेद होऊ शकतात. बहुधा त्या काळी ते स्वतःही हा भेद करीत नसावेत.

१९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य पणजीत पोचले आणि ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. प्रारंभी मेजर जनरल कँडेथ यांचे लष्करी प्रशासन आले, मग नायब राज्यपाल आले. गोवा, दमण आणि दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला आणि ३० सदस्यांच्या विधानसभेसाठी डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक ठरली.

काँग्रेसला वाटत होते की मुक्ती आपण दिली, मते आपोआप येतील. दिल्लीतील सरकार आपले, नेहरू आपले. गोव्यातील काँग्रेसची सूत्रे जमीनदार आणि शहरी प्रतिष्ठितांच्या हाती होती, आणि विलीनीकरणावर पक्षाची भूमिका धड होकाराची नव्हती, धड नकाराची नव्हती.

या पोकळीत दोन पक्ष उभे राहिले. एक महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे 'मगो', चिन्ह सिंह. त्याची मागणी एकच: गोवा महाराष्ट्रात विलीन करा. दुसरा युनायटेड गोवन्स, म्हणजे 'युगो', चिन्ह हात, नेते डॉ. जॅक सिक्वेरा. त्यांचीही मागणी एकच: गोवा वेगळा ठेवा.

निकाल लागला तेव्हा मगो आणि मित्रांना मिळून १६ जागा, युगोला १२. काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही नाही. तिची लाज राखली ती दमणने. नेहरू हयात असताना, त्यांच्याच सरकारने मुक्त केलेल्या प्रदेशात झालेला हा पराभव दिल्लीच्या चांगलाच जिव्हारी लागला.

बांदोडकर स्वतः ही निवडणूक लढले नव्हते. तरीही पक्षाने नेता म्हणून त्यांचीच निवड केली. २० डिसेंबर १९६३ रोजी, मुक्तीला दोन वर्षे पुरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी शपथ घेतली आणि पुढे पोटनिवडणुकीतून ते विधानसभेत आले.

आता प्रश्न असा की, या १६ जागा नेमक्या कशासाठी मिळाल्या होत्या?

मगोचे उत्तर सरळ होते: विलीनीकरणासाठी. नाव पाहा, जाहीरनामा पाहा. पण निकालाचा नकाशा पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. ढोबळमानाने मगोचा पाया नव्या काबिजादींत होता आणि युगोचा सासष्टीसारख्या जुन्या काबिजादींत. त्यातही मगोमागे उभा होता तो कूळ, मुंडकार, शेतमजूर, रेंदेर, खाणकामगार. म्हणजे ज्याच्या नावावर ना शेत होते, ना घराखालची जमीन.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी हे शब्द थोडे उलगडायला हवेत. 'भाटकार' म्हणजे जमिनीचा, बागायतीचा मालक. 'कूळ' त्याची शेती खंडाने कसतो. 'मुंडकार' भाटकाराच्या जागेत झोपडी बांधून राहतो. त्या बदल्यात माड राखणे, बोलावणे आले की कामाला जाणे, सणासमारंभाला राबणे हे ठरलेले. भाटकाराची मर्जी फिरली की मुंडकाराचे छप्पर गेले. भाटकार हिंदू असो वा ख्रिश्चन, या व्यवस्थेत फारसा फरक नव्हता.

अशा माणसासाठी 'महाराष्ट्र' हा शब्द कोणत्या अर्थाने येत होता? तेथे कूळकायदा झाला होता. तेथे यशवंतराव चव्हाणांच्या रूपाने बहुजन समाजातला मुख्यमंत्री झाला होता. तेथे मराठी शाळा गावोगावी पोचल्या होत्या. गोव्यातील भाटकाराला ज्याची भीती वाटे, त्याच कारणासाठी मुंडकाराला महाराष्ट्र हवासा वाटे. विलीनीकरणाच्या मागणीत भाषेचा आणि संस्कृतीचा वाटा होताच. त्याखाली जमिनीचा प्रश्न होता.

आणि येथेच बांदोडकरांच्या कारकिर्दीतील सगळ्यात रंजक गुंतागुंत सुरू होते. जे महाराष्ट्रात गेल्यावर मिळेल असे त्यांच्या मतदाराला वाटत होते, ते बांदोडकर सरकार गोव्यात राहूनच देऊ लागले.

१९६४ चा कूळकायदा हे त्याचे मोठे उदाहरण. कुळाला बेदखल करण्यावर निर्बंध आले, खंडावर मर्यादा आली. जमीन कुळाच्या मालकीची झाली नाही. ते पाऊल पुढे १९७६ च्या दुरुस्तीने पडले. परंतु भाटकाराने सांगितले आणि कूळ उठले, हा काळ मागे पडू लागला.

दुसरे काम शाळांचे. पोर्तुगीज काळात प्राथमिक शिक्षण मूठभरांपुरते होते. बांदोडकर सरकारने खेड्यापाड्यांत सरकारी मराठी प्राथमिक शाळांचे जाळे विणले. शाळेला इमारत नसेल तर देऊळ, देऊळ नसेल तर कोणाचे घर. ज्या घरात पूर्वी कोणी सही केली नव्हती, त्या घरातील मूल पाटी घेऊन बाहेर पडले. या शाळा मराठीतून असल्याने कोंकणीच्या समर्थकांचा त्यांवर आक्षेप होता आणि तो निराधार नव्हता: घरची भाषा शाळेच्या दारात सोडून यावी लागत होती. तरी ज्या पालकाला पहिल्यांदाच मूल शाळेत घालता आले, त्याच्या दृष्टीने हा दुय्यम प्रश्न होता.

दुसऱ्या बाजूला याच काळात विलीनीकरणाविरुद्धचा असंतोषही वाढत गेला आणि त्याला बऱ्याच अंशी स्वतः सरकार कारणीभूत होते.

प्रशासन चालवायला महाराष्ट्रातून अधिकारी प्रतिनियुक्तीवर आणले गेले. पोर्तुगीज कायदा आणि भाषा जाणणारा स्थानिक कर्मचारी बाजूला पडू लागला. बढत्या अडकल्या. विलीनीकरण झाल्यावर काय होईल, याची ही चुणूक आहे, असे सुशिक्षित गोवेकराला, त्यातही हिंदू मध्यमवर्गाला, वाटू लागले. मुंबईच्या मंत्रालयात गोवा हा एक कोपऱ्यातला जिल्हा ठरेल. शेजारच्या रत्नागिरीकडे पाहा, म्हणजे कळेल, असा युक्तिवाद होऊ लागला. त्या काळच्या रत्नागिरीची अवस्था पाहता तो खोडून काढणे सोपे नव्हते.

महाराष्ट्रात दारूबंदी होती, हाही मुद्दा होता. याची चेष्टा पुष्कळ झाली: गोवेकराने फेणीसाठी महाराष्ट्र नाकारला वगैरे. परंतु माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराचे आणि काजूची भट्टी लावणाऱ्याचे पोट त्यावर होते. ही चैनीची गोष्ट नव्हती. आणि गंमत अशी की हा वर्ग मगोच्या हक्काच्या मतदारांपैकी होता.

२२ जानेवारी १९६५ रोजी गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. मार्चमध्ये महाराष्ट्र विधानसभेने त्याला दुजोरा देणारा ठराव केला. म्हैसूर राज्याने लगेच विरोधी सूर लावला. वाद आता गोव्याचा राहिला नाही.

सिक्वेरांची भूमिका अशी: विधानसभेतील दोन-चार जागांच्या फरकावर एखाद्या प्रदेशाचे अस्तित्व पुसता येत नाही, लोकांना थेट विचारा. गणित त्यांना कळत होते. सभागृहात मत घेतले तर हार निश्चित होती. त्यामुळे सभागृहाबाहेर, प्रत्येक मतदारापर्यंत प्रश्न नेणे हाच मार्ग होता. नेहरूंनी गोव्याचे वेगळेपण जपण्याची भाषा केली होती, पण १९६४ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्यानंतर शास्त्री आले. जानेवारी १९६६ मध्ये तेही गेले. प्रत्येक पंतप्रधानापुढे गोव्याचे शिष्टमंडळ पुन्हा नव्याने उभे राहिले. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनीही विलीनीकरण टाळण्यासाठी दिल्लीत आपले वजन खर्च केले.

अखेर इंदिरा गांधींच्या काळात, डिसेंबर १९६६ मध्ये, संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. पर्याय दोनच: महाराष्ट्रात विलीनीकरण किंवा केंद्रशासित प्रदेश. दमण आणि दीवसाठी महाराष्ट्राच्या जागी गुजरात. स्वतंत्र राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता.

मगोला हा कौल मुळात नकोच होता. निवडणूक जिंकली, ठराव केला, आता पुन्हा विचारायचे काय, असा त्यांचा सवाल होता. युगोने आणखी एक अट घातली: बांदोडकर मुख्यमंत्री असताना मतदान निःपक्षपाती होणार नाही, त्यांनी पायउतार व्हावे. ३ डिसेंबर १९६६ रोजी बांदोडकरांनी राजीनामा दिला आणि गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. आजच्या राजकारणाच्या पार्श्वभूमीवर ही घटना डोळ्यांत भरते. आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या लढाईच्या सहा आठवडे आधी त्यांनी सत्तेचे हत्यार खाली ठेवले.

त्या सहा आठवड्यांत गोवा ढवळून निघाला. महाराष्ट्रातून आचार्य अत्र्यांसारखे वक्ते आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तावून निघालेली फौजच ती. मुंबई मिळवली, आता गोवा, बेळगाव, असा तो जोश होता. या जोशात एक गोष्ट मात्र सुटली. मुंबईत महाराष्ट्राचा शब्द 'आम्हांला आमचे द्या' असा होता. गोव्यात तोच शब्द अनेकांच्या कानी 'तुम्ही आमचे आहात' असा पडत होता.

विलीनीकरणविरोधकांनी काय केले? त्यांनी मराठी दैनिक काढले. 'राष्ट्रमत' हे ते दैनिक, चंद्रकांत केणी त्याचे संपादक. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर गावोगावी मोठ्याने वाचले जाई. वाचकाने येथे क्षणभर थांबावे. कोंकणीच्या आणि गोव्याच्या वेगळेपणाची लढाई मराठी भाषेतून लढली गेली, कारण ज्या हिंदू बहुजनाचे मत वळवायचे होते, तो वाचत होता मराठी. आणि जे वाचनातून पोचत नव्हते ते गाण्यातून पोचत होते. उल्हास बुयांव यांचा आवाज आणि मनोहरराय सरदेसाई यांची कविता यांनी कोंकणीत ते काम केले.

गोव्याबाहेर, मुंबईत किंवा आफ्रिकेत राहणाऱ्या गोवेकरांना मताचा अधिकार नव्हता. युगोची चिंता त्यामुळे वाढली होती.

मतदार ३,८८,४३२. मतदान ३,१७,६३३. म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. मतमोजणी पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत झाली. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१.

या आकड्यांवर नजर ठेवून एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. गोव्यातील ख्रिश्चन लोकसंख्या तेव्हा चाळीस टक्क्यांहून कमी होती. एकूण एक ख्रिश्चन मत दोन पानांवर पडले असे धरले, तरी ते ५४ टक्क्यांपर्यंत पोचत नाही. म्हणजे हजारो हिंदू मतदारांनी, त्यांतील पुष्कळांनी १९६३ मध्ये सिंहावर शिक्का मारला असणार, दोन पानांना मत दिले. 'हिंदू विरुद्ध ख्रिश्चन' असे या कौलाचे जे सोपे चित्र महाराष्ट्रात रंगवले गेले, ते या एका बेरजेपुढे टिकत नाही.

बांदोडकरांनी निकाल मान्य केला. त्यांच्या पक्षातील अनेकांना तो पचला नाही. त्यांनी मार्चच्या निवडणुकीची तयारी सुरू केली.

मार्चमध्ये मगोला १६ जागा मिळाल्या, युगोला १२. ५ एप्रिल १९६७ रोजी बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

आरंभीचा प्रश्न आता वेगळ्या रीतीने मांडता येतो. कुळाने, मुंडकाराने जानेवारीत कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि मार्चमध्ये कोणत्या? जानेवारीतील प्रश्न होता: गोवा कुठे असावा? मार्चमधील प्रश्न होता: गोव्यात राज्य कोणाचे असावे? पहिल्याचे उत्तर 'येथेच' आणि दुसऱ्याचे 'भाऊंचे'. भाटकारांच्या हाती सत्ता परत जाऊ द्यायची नाही, हे ज्याला उमगले होते, त्याच्या दृष्टीने या दोन उत्तरांत काहीही विसंगत नव्हते. उलट गोवा वेगळा राहिला म्हणूनच भाऊसाहेब मुख्यमंत्री राहू शकले. विलीन झाला असता तर ते मुंबईच्या विधानसभेतील कोकणच्या एका टोकाचे आमदार ठरले असते. त्यांच्या विरोधकांनी, सिक्वेरांनी, त्यांचे पद वाचवले.

यानंतर विलीनीकरणाचा विषय पक्षाच्या नावात राहिला, कारभारातून हळूहळू गेला. बांदोडकर पूर्वी ज्या प्रदेशाला तात्पुरता मानीत होते, त्याच्या कायमच्या संस्था उभारू लागले. १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली, अध्यक्ष तेच. त्यांच्या नावाने फुटबॉलची सुवर्णचषक स्पर्धा सुरू झाली आणि देशातील नामवंत संघ गोव्यात खेळू लागले. फुटबॉल हा जुन्या काबिजादींतील ख्रिश्चन गावांचा प्राण. ज्या सासष्टीने त्यांना कधी मते दिली नाहीत, त्या सासष्टीच्या मैदानावरचा खेळ त्यांनी आपला मानला.

सारेच उज्ज्वल होते असे नाही. पक्ष म्हणजे भाऊसाहेब, सरकार म्हणजे भाऊसाहेब, अशी स्थिती झाली. फाइलीपेक्षा शब्दावर चालणारा कारभार होता. समोर आलेल्या माणसाचे काम तेथल्या तेथे होई. जो समोर येऊ शकला नाही त्याचे काय, हा प्रश्न उरे. खाणमालकाने मुख्यमंत्री असावे काय, हा प्रश्न त्या काळात आज विचारला जातो तितक्या तीव्रतेने विचारला गेला नाही, पण तो होताच. डोंगर उकरले जात होते, नद्यांत गाळ साचत होता आणि खाणींचे पोर्तुगीजकालीन मक्ते तसेच चालू होते. कुळाच्या बाजूने भाटकाराशी झुंजणारे सरकार खाणधंद्याकडे त्या नजरेने पाहत नव्हते.

१९७० मध्ये त्यांच्याच आमदारांच्या एका गटाने एकाधिकारशाहीचा आरोप करीत बंड केले. सरकार पडण्याच्या बेतात आले. ते वाचवले युगोच्या काही सदस्यांच्या पाठिंब्याने! ज्या पक्षाशी सात वर्षे अस्तित्वाची लढाई लढली, त्यातीलच माणसे पाठीशी उभी राहिली. गोव्याच्या राजकारणातील पक्षांतराची परंपरा पुढे फार गाजली. तिचे मूळ शोधणाऱ्याने १९७० पाशी थांबून पाहावे.

मार्च १९७२ मध्ये मतदारांनी बंडखोरांना घरी बसवले. मगोला १८ जागा मिळाल्या, पूर्वीपेक्षा जास्त. या निवडणुकीत सत्तरीतून एक तरुण प्रथमच निवडून आला आणि भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळात दाखल झाला. त्याचे नाव प्रतापसिंह राणे.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी हृदयविकाराने भाऊसाहेबांचे निधन झाले. वय ६२. ते पदावर असतानाच गेले. पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. लोक त्यांना ताई म्हणत. वारसा म्हणून पद मिळाले, हे खरे. परंतु वडिलांनी अर्धवट सोडलेली दोन मोठी कामे त्यांच्याच काळात झाली. १९७५ मध्ये मुंडकारांना बेदखलीपासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि १९७६ मध्ये कूळकायद्याची ती दुरुस्ती, जिने कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. बांदोडकरांना १९६३ मध्ये मत देणाऱ्याला जे हवे होते ते कागदावर तरी पुरे झाले, आणि ते पणजीच्या विधानसभेत झाले, मुंबईच्या नव्हे. १९७९ मध्ये ताईंचे सरकार कोसळले आणि मगोला स्वबळावर तशी सत्ता पुन्हा कधी लाभली नाही.

१९८७ मध्ये, दीर्घ आणि काही वेळा रक्तरंजित आंदोलनानंतर, कोंकणी ही गोव्याची राजभाषा झाली. मराठीच्या शासकीय वापराची तरतूद त्याच कायद्यात राहिली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले. दमण आणि दीव वेगळे झाले. जो पर्याय १९६७ च्या मतपत्रिकेवर नव्हता, तो वीस वर्षांनी असा आला. त्या दिवशी राज्याचा पहिला मुख्यमंत्री म्हणून ज्यांनी सूत्रे घेतली, ते होते प्रतापसिंह राणे. आता काँग्रेसचे, पण राजकारणात आणले होते भाऊसाहेबांनी.

१६ जानेवारी हा दिवस गोव्यात आज अस्मिता दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी सिक्वेरांचे स्मरण होते. १२ मार्च आणि १२ ऑगस्ट या दिवशी मिरामारला भाऊसाहेबांच्या समाधीवर फुले वाहिली जातात; तेथे सर्व पक्षांचे लोक येतात, विलीनीकरणाला विरोध केलेल्यांचे वारसही. मगो पक्ष अजून आहे, निवडणुका लढवतो, चिन्ह सिंहच. नावातला 'महाराष्ट्रवादी' हा शब्द त्याने आजवर काढलेला नाही.